एआरटी केंद्राने हाडांचीही विचारपूस करावी

सांगली जिल्ह्यात नव्वदच्या दशकात ज्यांना एचआयव्हीचे निदान झाले आणि त्यातूनही जे तगले, ते आज पन्नाशी-साठीत आहेत. त्या वेळी त्यांच्या उतारवयाचा विचार डॉक्टरांनी केला नाही, सरकारने केला नाही आणि खुद्द त्यांनीही केला नाही. चार-दोन वर्षे निघाली तरी पुष्कळ, असेच सगळे धरून चालले होते. मोफत औषधांनी हे सारे बदलले. आता हीच माणसे कंबर, खुबा, गुडघे आणि मनगटाच्या तक्रारी घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जातात, आणि त्यांच्या हाडांकडे पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे कुठेच ठरलेले नसल्यामुळे ती कोणीच घेत नाही. ती एचआयव्हीवरची मोफत औषधे (एआरटी) देणाऱ्या एआरटी केंद्राने घ्यावी, नेहमीच्या तपासणीचा भाग म्हणून घ्यावी आणि त्यासाठी लागणारी साधने शासनाने पुरवावीत, असे मला ठामपणे वाटते.

सांगलीने या साथीशी दिलेली झुंज लहान नाही. १९९२ पासून ‘संग्राम’ या संस्थेने येथे वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम सुरू केले, आणि त्यातूनच १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. ज्यांना समाज रोगाचे कारण समजत होता, त्याच स्त्रियांनी वस्त्यावस्त्यांतून कंडोम पोचवले आणि एकमेकींना दवाखान्याची वाट दाखवली. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने मोफत एआरटी सुरू केली, तेव्हा पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून सीडी-फोरचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला औषध सुरू करण्याचे धोरण आले. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत आहेत आणि त्यांत महाराष्ट्रातील संख्या सर्वाधिक आहे. नियमित गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तातील विषाणू इतके कमी होतात की ते तपासणीत दिसत नाहीत, आणि अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून संसर्ग पुढे जात नाही. हे यश मोठे आहे, आणि हाडांचा प्रश्न या यशातूनच पुढे आला आहे, कारण औषधांवर वीस वर्षे जगलेल्या माणसाचाच सांगाडा वीस वर्षांचा हा ताण सोसतो.

आपल्या शरीरातील हाड सतत झिजत असते आणि सतत नव्याने भरत असते. तिशीपर्यंत भर जास्त पडते, पुढे झीज वरचढ होऊ लागते. एचआयव्ही या तोलात अनेक बाजूंनी बिघाड करतो. विषाणूमुळे शरीरात दीर्घकाळ चालू राहणारा दाह हाड खाणाऱ्या पेशींना चेतवतो. प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी बिघडल्या की त्यांच्याकडून हाडांना मिळणारे संरक्षणही कमी होते. त्यात औषधांची भर पडते. कोणतीही एआरटी सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हाडांची घनता साधारण २ ते ६ टक्क्यांनी घटते, आणि टेनोफोविर हे एचआयव्हीवरचे औषध ज्या गोळ्यांत असते त्यांत ही घट अधिक असते. पुढे ती बहुतेकांत स्थिरावते, पण गेलेले हाड आपोआप परत येत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांना ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, आढळला. संसर्ग नसलेल्यांच्या तुलनेत ही शक्यता तिपटीहून अधिक होती. अमेरिकेतील बॉस्टन येथील एका मोठ्या रुग्णालय-समूहाच्या नोंदींवरून २००८ मध्ये जे दिसले ते आणखी थेट होते: एचआयव्ही असलेल्या दर १०० रुग्णांमागे २.८७ जणांची हाडे मोडलेली होती, तर नसलेल्यांत हे प्रमाण १.७७ होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर या आकड्यांचा उलटा अर्थ काढला जाईल. २०१५ साली जाहीर झालेल्या ‘स्टार्ट’ या बहुराष्ट्रीय चाचणीने उपचार लवकर सुरू केल्यास गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी होतात, हे निर्विवाद सिद्ध केले. त्याच चाचणीतील हाडांच्या उप-अभ्यासात लवकर औषध घेणाऱ्यांचे कंबरेचे आणि खुब्याचे हाड जास्त घटल्याचेही नोंदले गेले. ही दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी आहेत. औषध लवकर सुरू करायचे आणि ते आयुष्यभर चुकवायचे नाही, यात तडजोड नाही. पण औषध देणाऱ्या व्यवस्थेने त्या औषधाचा शरीरावर होणारा दुसरा परिणामही पाहिला पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे.

‘स्टार्ट’ वगळता यांतील बरेचसे अभ्यास पाश्चात्त्य देशांतले आहेत. आपल्याकडची परिस्थिती हाडांना अधिक प्रतिकूल आहे. जत किंवा कवठेमहांकाळकडच्या एखाद्या गावातून औषधासाठी येणारी बावन्न वर्षांची शेतमजूर बाई डोळ्यांपुढे आणू. पहाटेची एसटी धरून ती येते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले ग्रीन बुक, म्हणजे स्वतःजवळची उपचारांची वही, काढते आणि रांगेत बसते. तिचे वजन केले जाते, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, चार ठरावीक प्रश्न विचारले जातात, गोळ्यांच्या बाटल्या आणि पुढची तारीख मिळते. बाकावरून उठताना ती गुडघ्यावर हात टेकवते आणि क्षणभर तशीच वाकून उभी राहते. गेल्या पावसाळ्यात अंगणात घसरून तिचे मनगट मोडले होते आणि हाडवैद्याने ते बांबूच्या पट्ट्या बांधून बसवले, हे तिच्या कार्डावर नाही, कारण ते तिला कोणी विचारलेले नाही. अंगणात नुसते घसरून पडल्याने पन्नाशीतल्या बाईचे मनगट मोडणे हे हाड ठिसूळ झाल्याचे वैद्यकाला सर्वांत लवकर मिळणारे लक्षण आहे, आणि ते कोणाच्याही नजरेखालून न जाता निघून गेले.

या बाईच्या घरी म्हैस असते, पण दूध डेअरीला जाते. तिच्या वाट्याला कोरा चहा येतो. रोज सुमारे हजार मिलीग्रॅम कॅल्शियम पोटात जावे, असा देशाच्या पोषण संस्थेचा निकष आहे. ज्वारीची भाकरी आणि आमटी यांतून त्याचा लहानसाच भाग भागतो. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पण पूर्व भागातील दुष्काळी तालुक्यांत नाचणी पिकत नाही आणि विकत घेतली जात नाही. ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्या लोकांत सर्रास आढळते. ज्या रुग्णांनी टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि एफाव्हिरेंझ यांची एकत्र गोळी अनेक वर्षे घेतली, त्यांच्या बाबतीत एफाव्हिरेंझने ड जीवनसत्त्व शरीरात लवकर नष्ट होण्याला हातभारच लावला. वजन मुळात कमी, त्यात एखादा टीबी होऊन गेलेला, तंबाखू किंवा मिश्रीची सवय, लवकर आलेली रजोनिवृत्ती, असे एकावर एक थर चढत जातात.

रजोनिवृत्तीविषयी थोडे अधिक बोलावे लागेल, कारण येथे स्त्रियांच्या वाट्याचा भार वेगळा आहे. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले गेले, तर हाडांना जपणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकाएकी बंद होते आणि ऐन तिशी-पस्तिशीत हाडांची झीज वेग घेते. तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाचाही हाडांवर परिणाम होतो. शासकीय कार्यक्रमात ते ‘अंतरा’ नावाने २०१७ पासून मिळते. युगांडातील अभ्यासात, हे इंजेक्शन घेत असतानाच टेनोफोविर सुरू केलेल्या स्त्रियांची हाडे अधिक घटल्याचे दिसून आले. हे इंजेक्शन वाईट आहे असा याचा अर्थ नाही. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला ते देताना कुटुंबनियोजनाच्या टेबलावरील परिचारिकेला आणि एआरटीच्या डॉक्टरांना एकमेकांच्या औषधाची माहिती असावी, इतकाच याचा अर्थ. त्या दोघींमधली भिंत आज त्या स्त्रीनेच पार करायची असते, आणि ती बहुधा पार होत नाही.

टेनोफोविरचा आणखी एक परिणाम आहे, तो कमी जणांत होतो पण होतो तेव्हा फार त्रासदायक असतो. हे औषध मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांना इजा करू शकते. मग फॉस्फेट लघवीवाटे वाहून जाऊ लागते आणि हाड नुसते विरळ न होता मऊ पडते. वैद्यकात याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. अशा माणसाला उकिडवे बसल्यावर भिंतीला धरल्याशिवाय उठता येत नाही, जिना चढताना मांड्या भरून येतात, बरगड्या दाबल्या तरी दुखतात. गावातल्या डॉक्टरांकडे तो ‘वात’ किंवा ‘संधिवात’ ठरतो आणि वेदनाशामक गोळ्यांवर वर्ष निघून जाते. त्या गोळ्यांनी मूत्रपिंडावरचा भार आणखी वाढतो. कार्यक्रमात टेनोफोविर घेणाऱ्यांचे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक, तपासले जाते, ही चांगली गोष्ट आहे. पण नलिकांची इजा क्रिएटिनिन वाढण्याच्या पुष्कळ आधी सुरू होऊ शकते. लघवीतील प्रथिने आणि साखर पाहणारी साधी पट्टी आणि रक्तातील फॉस्फेट या दोन तपासण्या जोडल्या, तर ती वेळेवर कळते. कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेला या तपासण्या अवघड नाहीत.

पुरुषांच्या बाबतीत खुब्याच्या सांध्याचा उल्लेख केला पाहिजे. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते हाड आतून मरते, हा आजार एचआयव्हीसह जगणाऱ्यांत इतरांपेक्षा अधिक आढळतो. दारू आणि स्टेरॉइड यांनी धोका वाढतो. सुरुवातीला जांघेत दुखते, लंगडणे येते, आणि बहुतेक वेळा ‘सायटिका’ म्हणून त्याची बोळवण होते. साध्या एक्स-रेत हा आजार उशिरा दिसतो, एमआरआयमध्ये लवकर. उशीर झाला की सांधा बदलण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि पन्नाशीच्या आतल्या कष्टकरी माणसासाठी तो मार्ग सोपा नाही.

दुष्परिणामांकडे पाहण्याचा आपला इतिहास या चर्चेत महत्त्वाचा आहे. सुरुवातीच्या वर्षांत स्वस्त म्हणून स्टॅव्ह्युडिन हे औषध सर्वत्र वापरले गेले. त्याने गालांवरची, हातापायांवरची चरबी उतरायची, चेहरा खोबणीत जायचा आणि गावात न सांगता सगळ्यांना कळायचे. पायांच्या तळव्यांना बधिरपणा यायचा. रुग्णांनी तक्रारी केल्या, संघटना बोलल्या, जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली आणि आपल्याकडेही ते मागे पडले. चेहऱ्यावर दिसणारी हानी थांबवायला आपण शिकलो, कारण ती दिसत होती. हाडांची हानी मोडेपर्यंत दिसत नाही आणि दुखतही नाही, त्यामुळे तिच्यासाठी कोणी तक्रार केली नाही आणि मोर्चाही काढला नाही. स्टॅव्ह्युडिनच्या काळातला तळव्यांचा बधिरपणा मात्र अनेकांत कायम राहिला, आणि ज्याला पायाखालची जमीन नीट जाणवत नाही तो माणूस जास्त वेळा पडतो. म्हणजे जुन्या औषधाने पडण्याची शक्यता वाढवली आणि नव्या औषधाने पडल्यावर मोडण्याची.

आता उपायाकडे येऊ. एआरटी केंद्रात प्रत्येक भेटीला टीबीसाठी चार प्रश्न विचारले जातात: खोकला, ताप, वजनातली घट आणि रात्रीचा घाम. या चार प्रश्नांना यंत्र लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, तरी त्यांनी कितीतरी टीबी लवकर पकडला आहे, कारण ते न चुकता विचारले जातात आणि केंद्रातल्या रुग्णनोंदीच्या व्हाइट कार्डावर त्यांची जागा ठरलेली आहे. हाडांसाठीही असे चार प्रश्न वर्षातून एकदा विचारले जावेत, अशी माझी मुख्य सूचना आहे. गेल्या वर्षात पडलात का? चाळिशीनंतर कुठले हाड मोडले का? पाळी केव्हा थांबली, की पिशवी काढली? दुखण्यासाठी इंजेक्शने किंवा दम्यासाठी स्टेरॉइड घेतले का? याच्या जोडीला दरवर्षी उंची मोजावी. वजन प्रत्येक वेळी होते, उंची एकदाच होते. पण तीन-चार सेंटिमीटर उंची कमी झाली असेल, तर पाठीचा मणका न कळत दबल्याची ती खूण असू शकते. समुपदेशकाचे किंवा परिचारिकेचे पाच मिनिटांचे हे काम आहे.

या प्रश्नांतून जे पुढे येतील त्यांची डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी, तपासणी व्हावी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या शिफारशींत पन्नास वर्षांवरील पुरुष, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रिया, किरकोळ पडण्याने हाड मोडलेले आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे यांची डेक्सा करावी असे म्हटले आहे. सरसकट प्रत्येकाची डेक्सा करावी, या मताचा मी नाही. विशी-तिशीतल्या, नुकतेच औषध सुरू केलेल्या माणसाला त्या अहवालाचा उपयोग थोडा आणि काळजी जास्त. आपल्या शहरांत औषध कंपन्यांच्या मदतीने ‘हाडांची घनता मोफत तपासणी’ अशी शिबिरे भरतात, तेथे टाचेवर अल्ट्रासाउंडचे यंत्र लावून हातात एक आकडा दिला जातो. तो आकडा म्हणजे डेक्सा नव्हे. कंबर आणि खुबा यांच्या डेक्सावरूनच ऑस्टिओपोरोसिसचे निदान होते: टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ यांच्या मध्ये असला की हाड विरळ होऊ लागल्याची अवस्था. शिबिरातून बाहेर पडलेली माणसे कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा घेऊन घरी जातात आणि तेथेच सारे थांबते.

या कॅल्शियमच्या गोळ्यांविषयी एक गोष्ट प्रत्येक रुग्णाला सांगितलीच पाहिजे, आणि ती सांगायची जबाबदारी गोळ्या देणाऱ्या खिडकीचीच आहे. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकच गोळी मिळते. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी रिकाम्या पोटी डोल्युटेग्राविरबरोबर घेतली, तर ते औषध पोटात बांधले जाते आणि रक्तात पुरेसे पोचत नाही. एकतर दोन्ही जेवणाबरोबर घ्यावीत, नाहीतर डोल्युटेग्राविर आधी घेऊन किमान दोन तासांनी, किंवा कॅल्शियम आधी घेतल्यास सहा तासांनी दुसरी गोळी घ्यावी. अॅसिडिटीसाठी घेतल्या जाणाऱ्या अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पांढऱ्या औषधाला तर जेवणाची सवलतही नाही, तेथे हे अंतर पाळावेच लागते. गल्लीतल्या डॉक्टरांनी ‘अशक्तपणा आहे’ म्हणून दिलेल्या कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या रात्री रिकाम्या पोटी एआरटीच्या गोळीबरोबर घेतल्या जातात. वर्षानुवर्षे एकही गोळी न चुकवलेल्या माणसाचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, अशाने वाढला, तर दोष त्याच्या चिकाटीवर येतो. हाडांचा विषय केंद्रात बोलला जात नाही तोवर हा धोकाही बोलला जाणार नाही.

उपचार उपलब्ध आहेत, आणि त्यांचा पुरावाही आहे. टेनोफोविर-एफाव्हिरेंझ सुरू करणाऱ्यांना रोज ४००० युनिट ड जीवनसत्त्व आणि १००० मिलीग्रॅम कॅल्शियम दिल्याने ४८ आठवड्यांतील हाडांची घट सुमारे निम्म्यावर येते, असे अमेरिकेतील चाचणीतून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे हाड खरोखर ठिसूळ झाले आहे त्यांना आठवड्यातून एकदा घ्यायची अलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक अॅसिड एचआयव्ही असतानाही तितकेच उपयोगी पडते. अट एवढीच की ही औषधे देण्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता आणि ऑस्टिओमलेशिया नाही ना, हे पाहिलेले असावे. आणि जेथे टेनोफोविरच मूळ कारण आहे, तेथे औषध बदलता येते. अबॅकाविर या दुसऱ्या औषधाचा पर्याय आहे. टेनोफोविरचेच अॅलाफेनामाइड हे नवे रूप रक्तात सुमारे नव्वद टक्के कमी टेनोफोविर सोडते, त्यामुळे हाडे आणि मूत्रपिंड यांना ते सौम्य पडते; भारतीय कंपन्या ते बनवतात. त्याने वजन आणि कोलेस्टेरॉल वाढू शकते, हे लपवण्याचे कारण नाही. टेनोफोविर हे हिपॅटायटिस-बीवरचेही औषध आहे, त्यामुळे ज्यांना तो संसर्गही आहे त्यांचे टेनोफोविर सरळ बंद केल्यास यकृताचा आजार उसळतो. म्हणूनच हा निर्णय एआरटीच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे, रुग्णाने वाचून-ऐकून नव्हे.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. मिरजेला वैद्यकीय नगरी म्हणतात ते उगाच नाही. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभारले तेव्हापासून दूरदूरचे रुग्ण मिरजेला येतात. सांगली-मिरजेत अस्थिरोगतज्ज्ञांची वानवा नाही. तरी एचआयव्हीसह जगणारा माणूस त्यांच्याकडे जातो तेव्हा पुष्कळदा आपला आजार सांगत नाही. सांगितले तर शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली जाईल, डॉक्टरांच्या जादा संरक्षक किटचे पैसे लागतील, खाटेवर खूण केली जाईल, ही भीती त्याने कुठून तरी अनुभवातूनच घेतलेली असते. न सांगण्याची किंमत मात्र त्याचेच हाड मोजते. पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यावर द्यायच्या दुसऱ्या फळीच्या औषधांत रिटोनाविर असते. ते यकृतात स्टेरॉइडचे विघटन रोखते. गुडघ्यात किंवा खांद्यात दिलेले ट्रायअॅमसिनोलोनचे एखादेच इंजेक्शन, किंवा दम्याच्या पंपातील फ्लुटिकासोन, अशा माणसाच्या शरीरात आठवडेच्या आठवडे साचून राहते, चेहरा सुजतो, मूत्रपिंडावरची अधिवृक्क ग्रंथी दबते आणि हाड झिजते. इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना रिटोनाविरचा पत्ताच नसेल, तर चूक त्यांची म्हणायची की रुग्णाची? मी म्हणेन, ज्या वातावरणात खरे सांगणे महाग पडते त्या वातावरणाची.

यावर कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. उपचार नाकारणे किंवा उपचारात भेदभाव करणे त्याने बेकायदा ठरवले आहे. वीस किंवा अधिक माणसे काम करणाऱ्या प्रत्येक आरोग्य संस्थेने तक्रार अधिकारी नेमायचा आहे. हे कलम किती रुग्णालयांच्या दर्शनी भागात लावलेले दिसते, याची पाहणी जिल्हा प्रशासनाने करावी. ते दिसू लागले तर खुब्याच्या दुखण्याने आलेला माणूस कदाचित पहिल्याच भेटीत खरे बोलेल. याच कायद्याचे चौदावे कलम एचआयव्हीशी संबंधित तपासणी, एआरटी आणि संधिसाधू (प्रतिकारशक्ती घटल्यावर होणाऱ्या) आजारांवरील उपचार ‘शक्य तितके’ पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. ‘शक्य तितके’ या शब्दांवर रुग्णसंघटनांनी त्या वेळीच आक्षेप घेतला होता आणि तो रास्त होता. औषधाने झिजलेले हाड संधिसाधू आजारात मोडत नाही, म्हणून ते कलमाच्या कडेला राहते. पण जे औषध सरकार स्वतः आयुष्यभर घ्यायला सांगते, त्या औषधाच्या ज्ञात परिणामाची तपासणी ही एचआयव्हीशी संबंधित तपासणीच आहे, असा अर्थ लावायला कोणती हरकत आहे, ते मला समजत नाही.

दोन आक्षेप मी प्रामाणिक मानतो. पहिला पैशाचा: अजून कित्येकांचे निदान व्हायचे आहे, कित्येक औषध सोडून गेले आहेत, त्यांना परत आणण्याआधी डेक्सावर खर्च का करायचा? याचे उत्तर असे की चार प्रश्न, उंचीची पट्टी, लघवीची पट्टी आणि कॅल्शियमच्या वेळेचा सल्ला यांना जवळपास काही खर्च नाही, आणि तेथूनच सुरुवात करायची आहे. डेक्सा थोड्यांनाच लागेल. खुबा मोडलेला मजूर महिनोन्महिने अंथरुणाला खिळतो आणि त्याची सेवा करणारे माणूसही मजुरीला मुकते. संजय गांधी निराधार योजनेचे महिना १५०० रुपये त्या घराला किती दिवस पुरतात, याचा विचार केला तर आधीची तपासणी महाग म्हणवणार नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गोळ्यांनी हाडे झिजतात असे सांगितले तर लोक गोळ्या सोडतील, अशी भीती अनेक समुपदेशकांच्या मनात असते. ज्यांनी औषध सुटल्याने माणसे गेलेली पाहिली आहेत, त्यांची ही भीती मी हलकी मानत नाही. पण स्टॅव्ह्युडिनच्या वेळी गाल बसल्यावर ज्यांनी गोळ्या सोडल्या, त्यांनी त्या माहिती मिळाली म्हणून सोडल्या नव्हत्या. आपल्याला कोणी आधी सांगितले नाही, आता सांगितले तरी ऐकत नाही, या रागाने सोडल्या होत्या. दुष्परिणाम आधी सांगणारा आणि झाल्यावर औषध बदलून देणारा डॉक्टर रुग्ण टिकवतो. पडल्याची तक्रार ‘वयामुळे होते’ म्हणून झटकणारा डॉक्टर त्याला गमावतो.

या साऱ्यात जन्मतःच संसर्ग झालेली मुले विसरली जाऊ नयेत. आईवडील गेल्यावर आजीकडे, मामाकडे किंवा संस्थेत वाढलेली ही मुले आज विशीत आहेत. हाड भरण्याची जी वर्षे असतात, नेमक्या त्याच वर्षांत त्यांनी आजार, कुपोषण आणि औषधे तिन्ही सोसले. वजन तीस किलोच्या वर गेल्यावर त्यांपैकी अनेकांना मोठ्यांचीच टेनोफोविरची गोळी सुरू झाली. त्यांच्या हाडांची कमाल भरच कमी राहिली असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्यांना अजून चाळीस-पन्नास वर्षे औषध घ्यायचे आहे. त्यांना आज दूध, अंडी, नाचणी, मैदानावरचा खेळ आणि तंबाखूपासून दूर राहण्याचे बळ मिळाले, तर तिशीपर्यंत थोडी भर अजून पडू शकते. मोठ्यांच्या बाबतीत आपण झीज रोखतो आहोत, या मुलांच्या बाबतीत अजून काही कमवता येण्यासारखे आहे, आणि ही मुदत दर वर्षी कमी होते आहे.

सांगलीपुरते बोलायचे तर सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय ही दोन्ही मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली आहेत. एआरटीचे डॉक्टर, अस्थिरोग विभाग, स्त्रीरोग विभाग आणि प्रयोगशाळा एकाच प्रशासनाखाली असणे ही सोय सगळ्या जिल्ह्यांना नाही. महिन्यातून एक दिवस अस्थिरोग विभागाच्या एका डॉक्टरांनी एआरटी केंद्रात बसावे. रुग्णाला दुसऱ्या इमारतीत जाऊन पुन्हा सगळे सांगावे लागू नये. जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून डेक्साचे एक यंत्र घ्यावे आणि ते सर्वांसाठी खुले ठेवावे, म्हणजे त्या खोलीच्या दारात उभे राहिल्याने कोणाची ओळख उघड होणार नाही आणि रजोनिवृत्ती झालेल्या जिल्ह्यातल्या इतर गरीब स्त्रियांनाही त्याचा लाभ होईल. व्हाइट कार्डावर हाडांसाठी एक रकाना वाढवण्याचा निर्णय राष्ट्रीय पातळीवर व्हायला वेळ लागेल. तोपर्यंत ग्रीन बुकच्या मागच्या कोऱ्या पानावर मोडलेल्या हाडाची तारीख आणि या वर्षीची उंची पेनाने लिहायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही.